चूल न पेटवण्याचा दिवस : चिनी सणांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी चिनी नववर्षाबद्दल लिहिलं होतं. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं सुझोऊ शहरात राहिलो. आता पुन्हा बडोद्याला, दांडिया बझारातल्या घरी आहोत. लेखावर आलेली पत्रं बहुतेक बडोद्यातलीच आहेत आणि पुष्कळांनी एकच विचारलंय : हे तर आपल्यासारखंच आहे, मग कुणी कुणाकडून घेतलं? काही पत्रांना इथे उत्तर देते. ज्यांची पत्रं राहिली त्यांना पुढच्या अंकात.

ताई, आमच्या शेजारची गुजराती कुटुंबं रांधण छठेला सगळं रांधून ठेवतात आणि शीतळा सातमीला चूल पेटवत नाहीत. त्यांचं बघून आमच्या आजेसासूबाईंनी ते सुरू केलं, आता मी करते. चीनमध्येही थंड जेवणाचा दिवस असतो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. तिथेही शीतळामाता आहे का? (एक वाचक, वाडी)

शीतळामाता तिथे नाही. पण विस्तवाने जळालेलं माणूस दोन्हीकडे आहे, म्हणून तुमचं पत्र मी सगळ्यात आधी घेतलं.

आपल्याकडची कहाणी तुम्हाला ठाऊकच असेल. धाकटी सून छठेच्या रात्री चूल विझवायला विसरली, शीतळामाता चुलीत लोळायला आली आणि भाजली. तिच्या शापाने सुनेचं बाळ गेलं. ती बाळाला टोपलीत घालून मातेला शोधत निघाली. वाटेत एका म्हातारीच्या डोक्यातल्या उवा काढत बसली, आणि ती म्हातारीच माता निघाली.

चीनमधल्या त्या दिवसाचं नाव हानशी. त्याची गोष्ट अशी. छोंग-अर नावाचा राजपुत्र १९ वर्षं परागंदा होता. उपासमारीच्या दिवसांत ज्ये झतुई नावाच्या सोबत्याने स्वतःच्या मांडीचं मांस कापून, शिजवून त्याला खाऊ घातलं. इ.स.पू. ६३६ मध्ये छोंग-अर जिन राज्याच्या गादीवर बसला. सगळ्यांना इनामं मिळाली, ज्ये तेवढा विसरला गेला. त्याने काही मागितलं नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन तो म्येनशान डोंगरात निघून गेला. राजाला उशिरा आठवण झाली. ज्ये बाहेर येईना, म्हणून त्याने डोंगराला तीन बाजूंनी आग लावली, म्हणजे चौथ्या बाजूने तरी येईल. मायलेक झाडाला धरून जळालेले सापडले. मग राजाने हुकूम काढला की या दिवशी कुणी विस्तव पेटवायचा नाही.

मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं, झालं, कारण कळलं. पुढे वाचत गेले तसं निराळंच दिसलं. झोझुआन या जुन्या इतिहासग्रंथात ज्ये डोंगरात गेला आणि तिथेच वारला, एवढंच आहे. आग नाही, मांडीही नाही. त्या दोन्ही गोष्टी नंतरच्या लेखनात येतात. आणि थंड जेवणाशी त्याचं नाव जोडलेलं दिसतं ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, म्हणजे तो गेल्यावर सहाएकशे वर्षांनी, उत्तरेतल्या थाययुआन भागात. तेही वसंतात नव्हे, ऐन थंडीत. वर्षातून एकदा घरातला जुना विस्तव पूर्ण विझवायचा आणि लाकडावर लाकूड घासून नवा काढायचा, ही चाल चीनमध्ये फार जुनी. हानशीचं मूळ तिथे असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. रीत आधीपासून चालत आलेली असते. तिला धरून ठेवायला लोकांना कुणीतरी आपलं माणूस लागतं, ज्याच्यासाठी रडता येईल. तो माणूस नंतर येतो.

आणि लोकांनी त्याला कसं धरून ठेवलं बघा. उत्तरेतल्या त्या थंडीत काही ठिकाणी महिनाभर चूल बंद राहायची. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दगावायची. दुसऱ्या शतकात झोऊ ज्यू नावाच्या अधिकाऱ्याने ज्ये झतुईच्या देवळात चक्क त्याच्याच नावाने पत्र ठेवलं : भर थंडीत विस्तव बंद ठेवल्याने माणसं मरतात, ही तुझी इच्छा असू शकत नाही. मग त्याने लोकांना समजावून चूल पेटवायला लावली. पुढे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्साव त्साव या सेनापतीने सरळ बंदी घातली. थंड जेवण पाळलं तर कुटुंबप्रमुखाला सहा महिने सक्तमजुरी आणि तिथल्या अधिकाऱ्याचा एक महिन्याचा पगार कापायचा. मला या दोघांत झोऊ ज्यू जवळचा वाटतो. त्याने लोकांच्या दैवताचा मान राखला आणि लेकरंही वाचवली.

बंदीने रीत काही मेली नाही. ती हिवाळी अयनदिनानंतर १०५ व्या दिवशी, वसंतात येऊन स्थिरावली आणि हळूहळू छिंगमिंगमध्ये, म्हणजे ४ किंवा ५ एप्रिलला पूर्वजांच्या कबरी साफ करण्याच्या दिवसात, मिसळून गेली. सुझोऊत आज कुणी त्यासाठी गॅस बंद ठेवत नाही. पण त्या दिवसांत दुकानोदुकानी हिरवेगार गोळे दिसतात, छिंगथ्वान. चिकट तांदळाच्या पिठात पाल्याचा रस घालायचा, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, आणि वाफवून थंडच खायचे. आमच्या शेजारच्या आजी ते करायच्या आणि मला आवर्जून आणून द्यायच्या, कारण त्यात मांस नसतं हे त्यांच्या लक्षात होतं.

तेव्हा तुमची आणि त्यांची रीत एकमेकींपासून घेतलेली आहे, असं मानायला मला कुठेही आधार दिसत नाही. ज्या घरात विस्तव रोज लागतो, त्या घरात त्याला एक दिवस विसावा द्यावा असं दोन्हीकडे वाटलं. तुम्ही सातम जरूर पाळा. फक्त आपली सातम श्रावणातल्या दमट हवेत येते, तेव्हा ढेबरं, पुऱ्या, बाजरीचे वडे असं टिकणारंच करा. लहान मुलाला किंवा आजारी माणसाला गरम काही लागलं तर बेलाशक करून द्या.

चिनी लोक होड्यांच्या शर्यती लावतात तो दिवस एका कवीने नदीत जीव दिल्याचा आहे, असं वाचलं. मन खिन्न झालं. मृत्यूच्या दिवशी शर्यत आणि खाणंपिणं कसं करवतं? (एक वाचक, रावपुरा)

तुम्ही ज्याच्याबद्दल वाचलंत तो छू युआन. छू राज्याचा मंत्री आणि मोठा कवी. राजाला त्याने दिलेला सल्ला कडू लागला, दरबाऱ्यांनी कान भरले, त्याला हद्दपार केलं. इ.स.पू. २७८ मध्ये छिन या शत्रुराज्याच्या फौजेने छूची राजधानी घेतली, आणि त्याच सुमारास त्याने मिलुओ नदीत उडी घेतली. पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला, असं परंपरा सांगते. गावकरी होड्या घेऊन त्याला शोधायला धावले, ढोल बडवून मासे हाकलले आणि माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला. म्हणजे गोष्टीपुरतं बोलायचं तर ही शर्यत मुळात शोधाशोध आहे. कुणाला तरी वाचवायला सगळं गाव एकदम वल्ही मारतंय.

भाताची पुढची कथा फार लोभस आहे. सहाव्या शतकातल्या एका संग्रहात येते. छू युआनचा आत्मा एका माणसाला भेटून म्हणतो, तुम्ही दरवर्षी देता ते अन्न पाण्यातला सर्प-ड्रॅगन पळवतो. यापुढे वर बकाणा निंबाची पानं लावून पाच रंगांच्या दोऱ्याने बांधा, त्याला या दोन गोष्टींचं भय आहे. आज पानात गुंडाळून शिजवलेले जे चिकट भाताचे त्रिकोणी पुडे मिळतात, ते त्सोंगझ. वर दोरा अजूनही बांधतात.

पण सुझोऊत जाऊन विचारा, तिथली जुनी माणसं छू युआनचं नाव आधी घेणार नाहीत. ती सांगतील वू झश्यू. तो मूळचा छू राज्यातला, पण सुझोऊ राजधानी असलेल्या वू राज्याचा मंत्री. त्याचाही सल्ला राजाला नको झाला. इ.स.पू. ४८४ मध्ये राजाने त्याला तलवार पाठवून आत्महत्या करायला लावली आणि प्रेत कातडी पिशवीत घालून नदीत टाकलं. शहराच्या एका जुन्या वेशीचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. शाओशिंगकडे गेलात तर तिथे त्साव-अ नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे, बुडालेल्या बापाला शोधत नदीत उतरलेली. एकच तिथी, तीन गावं, पाण्यात गेलेली तीन निराळी माणसं. युनेस्कोने २००९ साली हा सण आपल्या वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा छू युआनच्या मुलखाबरोबर सुझोऊचाही त्यात समावेश होता. मला ते फार योग्य वाटलं.

या तिघांच्याही मागे जुनं काय आहे, ते घरांच्या दारांवर दिसतं. पाचवा महिना म्हणजे साधारण आपला ज्येष्ठ. उकाडा, दमट हवा, साप, विंचू, गोम, रोगराई. त्याला विषारी महिनाच म्हणत. त्या दिवशी दाराला दोन वनस्पती बांधतात. एक आपल्या दवण्याच्या जातकुळीतली, उग्र वासाची. दुसरी चक्क वेखंड! त्याची लांब पानं तलवारीसारखी दाराला लावायची. बाळाच्या टाळूला वेखंड लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे दार बघून परकं वाटलं नसतं. मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा दोरा बांधतात, गळ्यात सुगंधी पुरचुंडी घालतात. पूर्वी दारूत मनशीळ घालून मुलांच्या कपाळाला टिळा लावायचे आणि मोठी माणसं ती प्यायचीही. मनशिळेत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असतं, म्हणून आता ते पिऊ नये असं डॉक्टर सांगतात. ज्या नागिणीने बाईचं रूप घेऊन माणसाशी संसार थाटला, ती याच दिवशी हीच दारू पिऊन मूळ रूपात आली, ही हांगचौची गोष्ट तिथे लहानथोरांना पाठ असते. तिला ज्या लेफेंग मनोऱ्याखाली कोंडलं म्हणतात, तो १९२४ साली कोसळला. नवा २००२ मध्ये उभा राहिला.

तेव्हा खिन्न होऊ नका. रोगाच्या महिन्यात लेकरांना जपण्याचा हा दिवस आहे, आणि त्याच दिवशी लोक न्यायासाठी गेलेल्या माणसांना आठवतात. जेवणाशिवाय आठवण आपणही करत नाही. श्राद्धाला आपण खीर करतोच की.

मी सहावीत आहे. नियान राक्षस फटाक्यांना घाबरून पळाला म्हणून चीनमध्ये फटाके उडवतात, हे खरं का? (कारेलीबाग)

बाळा, गोष्ट मस्त आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री नियान गावात येतो आणि लाल रंग, उजेड नि आवाज या तिन्हींना भितो. पण ती फार जुनी नाही. फटाके तिच्यापेक्षा कितीतरी जुने. सहाव्या शतकात झोंग लिन नावाच्या लेखकाने आपल्या भागातल्या वर्षभराच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात आहे की नववर्षाच्या पहाटे कोंबडा आरवला की लोक उठून अंगणात बांबू फोडतात, डोंगरातली भुतं पळावीत म्हणून. नियानचं नाव नाही. दारूही नाही, कारण बंदुकीची दारू तेव्हा यायची होती. हिरवा बांबू विस्तवात टाकला की पेरांमध्ये कोंडलेली हवा आणि वाफ फुगते आणि ठो! (तू हे करून बघू नकोस. चिलपा डोळ्यात जातात.)

बीजिंग शहरात १९९३ मध्ये फटाक्यांवर बंदी आली, २००५ मध्ये ती सैल केली, पुढे पुन्हा आवळली. दिवाळीनंतर सुरसागरच्या भोवतीची सकाळची हवा आठव, म्हणजे त्यांना बंदी का घालावीशी वाटली ते कळेल.

२०२५ च्या कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवत होतो, तेव्हा शांघायहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिथेही त्याच रात्री चंद्राचा सण! हे दरवर्षी असतं का? आणि चंद्रावरचा ससा आपण त्यांना दिला ना? (एक वाचक, अलकापुरी)

दरवर्षी नसतं. त्यांचा मध्य-शरद सण आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. ती बहुधा आपली भाद्रपद पौर्णिमा, म्हणजे कोजागिरीच्या एक महिना आधी. त्यांचंही पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे आणि तेही अधिक महिना घालतात. पण सूर्याचं संक्रमण ते सायन पद्धतीने, म्हणजे ऋतूंना धरून, मोजतात, आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून, त्यामुळे दोघांचा अधिक महिना कधी कधी वेगळ्या वर्षी पडतो. त्यांनी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अधिक सहावा महिना घातला आणि ते महिनाभर मागे सरकले. म्हणून ६ ऑक्टोबरला दोन्ही सण एकत्र आले. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये, की पुन्हा पहिल्यासारखं.

सशाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. आपल्या जातककथेतला ससा याचकासाठी स्वतः विस्तवात उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढतो. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने ही कथा वाराणसीजवळ ऐकून लिहून ठेवली. पण १९७२ साली छांगशाजवळ मावांगद्वे इथे एका सरदारपत्नीची कबर उघडली, त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं रंगवलेलं रेशमी वस्त्र मिळालं. त्यावरच्या चंद्रकोरीत बेडूक आहे आणि ससाही आहे. बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याआधीचं हे चित्र. ससा त्यांना त्यांचा त्यांनाच दिसला होता.

त्यांचा ससा औषध कुटतो. त्याची मालकीण चांग-अ. तिच्या नवऱ्याने, होऊ यी या धनुर्धराने, आकाशातल्या दहांपैकी नऊ सूर्य पाडले. त्याला मिळालेलं अमरत्वाचं औषध तिने घेतलं आणि ती चंद्रावर गेली. जुन्या ग्रंथात ती ते चोरते. आज आया मुलांना सांगतात की घरात दुष्ट माणूस शिरला, त्याच्या हाती लागू नये म्हणून तिने ते गिळलं. शतकानुशतकं तिच्यासाठी दिवे लावणाऱ्या बायकांनी तिचा दोष पुसून टाकला, असं मी समजते आणि मला त्याचा आनंद वाटतो. ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर उतरलेल्या चिनी यानाला तिचंच नाव आहे, आणि त्यातून उतरलेल्या गाडीला सशाचं.

उत्तरायणाला चायनीज तुक्कल (आकाशात सोडायचे कागदी दिवे) आणि चायनीज मांजा दोन्हींवर बंदी असते. ही त्यांची धार्मिक परंपरा आहे का? (एक वाचक, मांडवी)

दोन्ही एका पारड्यात घालू नका. मांज्याचा कुठल्याही चिनी सणाशी संबंध नाही. तो नायलॉनचा, कारखान्यातला दोरा आहे. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापतो, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये तो देशभर बंद केला. ती बंदी आपण प्रत्येकाने आपल्या गच्चीवर पाळायला हवी.

तुक्कल मात्र खरोखर जुना. त्याचं श्रेय तिसऱ्या शतकातल्या झुगे लियांग या मुत्सद्द्याला देतात. वेढ्यात अडकल्यावर त्याने कागदी दिवे आकाशात सोडून मदत मागितली म्हणे. तैवानमधल्या पिंगशी खेड्यात वेगळं सांगतात. दरोडेखोरांच्या भीतीने लोक डोंगरात लपत, आणि धोका टळला की मागे राहिलेले दिवे सोडून 'घरी या' असं कळवत. पिंगशीचे डोंगर ओले, पावसाळी. आपल्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, लाकडी घरांवर आणि जानेवारीच्या वाळल्या गवतावर तोच दिवा पडला तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

पतंगाचं एक सांगायचं राहिलं. छिंगमिंगला तिथे पतंग उंच गेला की आपलाच दोरा आपण कापतात, म्हणजे घरातली इडापिडा त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्याचा कापून 'काय पो छे' ओरडणाऱ्या आपल्या गावाला हे जरा जड जाईल.

आमच्या महिला मंडळात 'देशोदेशीचे सण' असा कार्यक्रम आहे. शाकाहारी आणि इथे जमेल असं एखादं चिनी सणाचं पक्वान्न सांगा. (कारेलीबाग)

थांगयुआन करा. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, दिव्यांच्या सणाला, आणि सुझोऊकडे हिवाळी अयनदिनालाही करतात. काळे तीळ खमंग भाजून कुटा, पिठीसाखर आणि तूप घालून मळा (ते डुकराची चरबी घालतात, तुपाने चव उलट चांगली येते), लहान गोळ्या करून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. पारीला मोदकाची पिठी चालणार नाही, उकळताना फुटते. चिकट तांदळाचं पीठ ऑनलाइन मिळतं, ते कोमट पाण्यात मळा. पारीत गोळी बंद करून हलक्या हाताने वळा आणि उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगायला लागल्या की आणखी दोनेक मिनिटं ठेवा, मग आल्याच्या गरम, गोड पाण्यात वाढा. पहिला घास सावकाश घ्यायला सगळ्यांना बजावून सांगा, आतलं तीळ-तूप जिभेला चांगलंच भाजतं.